सरळ केलेली नदी

निंबोऱ्यात कुणाच्या घरी पोरीचं लग्न ठरलं की सोनाराकडे जायच्या आधी लोक तय्यब मन्सुरीच्या टिनाच्या शेडकडे वळत. कापूस घरचा, खोळीचं कापड मंगरूळपीरच्या बाजारातलं आणि हात तय्यबचा, असा गावाचा रिवाजच होता. त्याचा बाप खांद्यावर धुनकी घेऊन गावोगाव कापूस पिंजत हिंडायचा. तय्यबनं पिंजायचं मशीन घेतलं आणि एका जागी बसला. टाके मात्र हातानंच घालायचा. गादीच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला त्याची बायको सकीना, आणि मधे दाभण. इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोघं तासन्‌तास असे समोरासमोर बसत, पण बोलणं फारसं नसे.

सकीना काविळीनं गेली. एकुलती मुलगी कौसर तोवर लग्न होऊन कारंज्याला गेली होती. गावाचं कब्रस्तान नदीच्या थडीवर, वस्तीच्या खालच्या अंगाला. तय्यबनं जागा निवडली ती नदीकडच्या अंगाची, करंजाच्या सावलीतली. सकीनाला ऊन सोसत नसे, आणि टिनाच्या शेडमध्ये तिनं आयुष्यभर ऊनच सोसलं होतं. आता तरी सावली मिळू दे, एवढाच त्याचा विचार. मातीवर त्यानं सब्जा लावला. जुम्म्याची नमाज झाली की तो नदीतून लोटाभर पाणी आणून सब्ज्याला घाली, फातिहा पढे आणि थोडा वेळ तिथंच बसून राही.

नदी तेव्हा वाकडी होती. वरून येताना एका काळ्या खडकाला अडायची आणि कब्रस्तानाकडे पाठ करून मोठा वळसा घेऊन जायची. त्या वळणात लव्हाळं होतं, उंबर होते, म्हशी डुंबायच्या, बायका धुणं धुवायच्या. मग दोन-तीन वर्षं पाऊस जेमतेमच झाला. वळणात नुसता गाळ राहिला. होळी आली की विहिरी तळाला जायच्या आणि गाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. पलीकडच्या गल्लीतली मनकर्णाबाई टँकरच्या गर्दीत पडली, तिचा हात मोडला, आणि हाड नीट न जुळल्यानं तो वाकडाच राहिला. तेव्हापासून ती डाव्या हातानं भाकरी थापते.

जगदेव राऊत हा तय्यबचा शाळेपासूनचा सोबती. नदीपलीकडे त्याचं वावर. धावपळीचा माणूस. त्यानं एका संस्थेकडे खेटे घालून पोकलेन मशीन मिळवलं, डिझेलची सोय सरकारी योजनेतून झाली, आणि गावानं आपापले ट्रॅक्टर दिले. नदी खोल करायची, रुंद करायची, सरळ करायची, खाली सिमेंटचा बंधारा बांधायचा, म्हणजे पाणी थांबेल आणि जमिनीत मुरेल, असं ठरलं. गावात एक माणूस नको म्हणाला नाही. तय्यबही नाही. मशीन चालवणारा बिहारचा होता आणि दिवसभर कडक सीटवर बसून त्याची कंबर धरायची, म्हणून तय्यबनं त्याला एक चौकोनी गादी शिवून दिली. काळा खडक काही केल्या निघेना तेव्हा तो फोडायला दुसरं मशीन आणलं. खडक फुटला त्या दिवशी शाळेला सुट्टी दिल्यासारखी सगळी पोरंबाळं थडीवर होती.

पुढच्या वर्षी बरा पाऊस झाला आणि केल्या कामाचं फळ दिसलं. विहिरींना पाणी चढलं. जगदेवनं वावरात गहू घेतला. त्याच्या वावराच्या धुऱ्याला, बांधालगत, नदीच्या पलीकडच्या थडीवर, गावानं नळयोजनेची विहीर खोदली आणि घराघरांत तोट्या बसल्या. मनकर्णाबाईच्या अंगणात तोटी सुटली तेव्हा ती वाकडा हात पाण्याखाली धरून कितीतरी वेळ उभी होती. जगदेवनं नव्या गव्हाचं पोतं तय्यबच्या शेडमध्ये आणून टाकलं.

"हे कायले?" तय्यबनं विचारलं.

"तुह्या खडकाचं. तूच त्या बिहाऱ्याची कंबर वाचवली, नाई तं खडक फुटला नसता."

तय्यब हसला. त्या वर्षी सकीनाच्या कबरीवरचा सब्जा कमरेएवढा वाढला होता.

त्याच्या पुढल्या वर्षी जुलैच्या शेवटाला असा पाऊस झाला की मेडशीकडून येणाऱ्या एसट्या अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. पूर ओसरल्यावर जगदेव चिखल तुडवत शेडवर आला. दारातच उभा राहिला.

"तय्यब, चाल जरा."

"काय झालं?"

"चाल तं खरं."

कब्रस्तानाचं तारेचं कुंपण लोंबकळत होतं. कुंपणाखालची जमीन गेली होती. जुन्या कबरींची एक अख्खी रांग, ज्यांची नावंही आता कुणाला ठाऊक नव्हती, ती गेली होती. करंज अर्धा उघडा पडून मुळांवर तोलून उभा होता. सकीनाच्या कबरीच्या पायथ्यापासून थडीची कड हातभरावर आली होती. खाली नदी होती, तांबडी, सरळ, एखाद्या डांबरी रस्त्यासारखी. वरून येणारं पाणी कशालाही न अडता थेट याच थडीवर येऊन आदळत होतं.

जगदेवनं वर, खडक होता त्या जागेकडे पाहिलं.

"पयले पाणी खडकाले लागून वळायचं," जगदेव म्हणाला. "आता वळाले जागाच नाई राह्यली."

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं मंगरूळपीरला गेले. एका कार्यालयात साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की थडीला संरक्षक भिंत मिळते, पण ती गावठाणाला, घरांना धोका असेल तर. कब्रस्तानात कुणी राहत नाही. जगदेव म्हणाला, "राह्यतात साहेब, पण ते अर्ज करत नाईत." साहेबांना हसावं की नाही ते कळलं नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं की नदी त्यांच्याकडे नाही, त्यांच्याकडे फक्त बंधारा आहे. तिथल्या एका बाईनं, नदी ज्यांच्याकडे आहे त्यांच्या इंजिनिअर मॅडमचा फोन नंबर दिला. परतीच्या गाडीत जगदेव चिडून बडबडत होता. तय्यब खिडकीतून सोयाबीनची वावरं पाहत होता. पिवळं पडलेलं पीक होतं, पाणी साचून सडलेलं. त्याच्या मनात आलं, या लोकांनाही आज कुठल्यातरी कार्यालयात जायचं असेल.

इंजिनिअर वैजयंती मॅडम पुढच्या आठवड्यात स्कूटीवर आल्या. कौसरच्याच वयाच्या असतील. पायातले बूट काढून चिखलात उतरल्या, थडी पाहिली, पलीकडच्या काठावर जाऊन नळयोजनेची विहीर पाहिली, वर जाऊन फोडलेल्या खडकाची जागा पाहिली. मग करंजाच्या उघड्या मुळांपाशी येऊन थांबल्या.

"चाचा, मी खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "इथं जाळीतल्या दगडांची भिंत घालता येईल. प्रस्ताव मी स्वतः लिहीन. पण या पावसाळ्यात ती होणार नाही, आणि पुढच्या वर्षी होईल असंही मी सांगू शकत नाही."

"झाली तं ठीक होईन ना पण?" तय्यबनं विचारलं.

मॅडमनं पलीकडे बोट दाखवलं. "इथं भिंत घातली की पाणी त्या काठावर आपटेल. तिथं तुमच्या नळाची विहीर आहे."

"आन् वळण पुन्हा केलं तं? खडक टाकले, नदी होती तशी केली तं?"

"तर नदी हळू होईल, थडी वाचेल. पण खोल केलेल्या भागात गाळ भरेल. विहिरींचं पाणी किती उतरेल हे मी आज नाही सांगू शकत. उतरेल एवढं नक्की."

तय्यबनं मान हलवली. मॅडम बूट हातात घेऊन स्कूटीपाशी गेल्या, आणि जाताना पुन्हा एकदा वळून थडीकडे पाहिलं. त्यांचंही काही चालत नाही, हे तय्यबला त्यांच्या पाठीवरून कळलं.

ग्रामसभेत जगदेवनंच विषय काढला. वळण पुन्हा करायचं का. कुणी तय्यबकडे पाहीना. ज्याची गादी त्यानं शिवली नव्हती असं त्या सभेत कोणी नव्हतं. भागवत सरपंच घसा साफ करून म्हणाला, "तय्यबभाई आपलाच माणूस हाये, तवा विचार कराच लागीन." पण काय विचार करायचा ते त्याला पुढे सुचलं नाही.

मग बायकांच्या बाजूनं मनकर्णाबाई उठली.

"तय्यबभाऊ, सकीनाभाभीनं माह्या पोरीची गादी शिवली. मले तिची सय येते. पण मी खरं सांगतो भाऊ, नदी बुजू देणार नाई मी. या हातानं मले पुन्हा टँकरवर नका पाठवू."

ती एवढंच बोलून खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. तय्यबला राग यायला पाहिजे होता. त्यानं मनात राग शोधून पाहिला. कुणावर करायचा? मनकर्णाबाईवर? जगदेववर? तो स्वतःच तर थडीवर उभा राहून खडक फुटताना पाहत होता.

"बुजवू नका," तो उभा राहून म्हणाला. "माहंही घर त्याच इहिरीचं पाणी पेते."

पण हातावर हात ठेवून बसवेना. त्यानं शेडमधलं खोळीचं सगळं जाड कापड काढलं, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, आणि त्याच्या पिशव्या शिवायला घेतल्या. दुहेरी शिवण, मेणवलेला दोरा. नदी खोदताना काढलेल्या मातीचे ढीग अजून काठावर पडून होते. जगदेवनं ट्रॅक्टर आणला, मशिदीतले लोक आले, गल्लीतले आले, मनकर्णाबाईचा मुलगा आला. पिशव्या भरून त्यांनी थडीच्या पायथ्याशी एकावर एक रचल्या, मधे बाभळीचे काटे कोंबले, बांबू ठोकले. ऑगस्टमध्ये एक मध्यम पूर आला. पिशव्यांनी तो सोसला. त्या दिवशी तय्यबनं कित्येक दिवसांनी पोटभर जेवण केलं आणि कौसरला फोन लावला.

कौसर येऊन पाहून गेली. कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभी राहून तिनं लांबूनच आईच्या कबरीकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"अब्बा, अम्मी को यहाँ से हटा लेते हैं," ती म्हणाली. "ऊपर, नीम के पास."

तय्यब फाटकाची कडी लावू लागला.

"इमामसाब से पूछा मैंने. मजबूरी हो तो जायज है, बोले."

"पिशव्यांनी धरलं ना बेटा पाणी."

"अब्बा."

एकदा या हातांनी सकीनाला मातीत ठेवलं होतं. चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं होतं, पुन्हा ओढलं होतं. ते एकदाच करायचं काम असतं, म्हणून माणूस ते करू शकतो. पण कौसर रडायला लागली तेव्हा तो हो म्हणाला. इमामसाहेब येऊन जमीन पाहून गेले. माती चिखलाची झाली होती, खोदायला घेतलं तर वरची थडीच ढासळली असती. चार दिवस उघडीप मिळू द्या, थोडी सुकू द्या, मग करू, असं ते म्हणाले. त्यांचं चुकलं असं कुणी म्हणू शकणार नाही. वर निंबाजवळ जागा मोजून ठेवली. कौसर कारंज्याला परत गेली. गाव उघडिपीची वाट पाहू लागलं.

उघडीप मिळाली. गणपती बसले आणि निंबोऱ्यात लख्ख ऊन पडलं. माती वरून पांढुरकी दिसायला लागली. जुम्म्याला काम करायचं ठरलं. पण पाऊस तिकडे वर, डोंगराच्या अंगाला पडत होता. तिथला तलाव आधीच काठोकाठ होता. त्याचा सांडवा सुटला आणि जुम्मा यायच्या आधीच, सकाळी दहाच्या उन्हात नदीला पूर आला. आभाळात ढग नाही, आणि नदी मात्र गढूळ, वेगानं धावणारी.

आवाज ऐकून तय्यब धावत गेला. जगदेव आधीच तिथं होता. पिशव्या एकेक करून सुटत होत्या. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पिशव्या पाण्यावर एक क्षण उलथ्या होत आणि खाली जात. शिवण एकाही पिशवीची उसवली नव्हती. नदी पिशव्याच उचलून नेत होती, भरलेल्या, तशाच्या तशा. मग करंज आडवा झाला आणि आपल्या मुळांसकट थडीचा मोठा तुकडा ओढत घेऊन गेला.

तय्यब पुढे सरकला. जगदेवनं त्याचं मनगट धरलं.

"सोड."

"नाई सोडत."

"जगदेव, सोड मले."

"तू गेला तं मी कौसरले काय सांगू?"

थडीला भेग पडली होती. आधी बारीक, मग हाताएवढी रुंद. जमिनीचा एक कापा अगदी सावकाश बाहेरच्या अंगाला कलला. सब्जा त्याच्यावर होता तसाच उभा होता, मंजिऱ्यांसकट. मग तो कापा पाण्यात बसला. जास्त आवाजही झाला नाही. पाणी क्षणभर तांबड्याचं काळं झालं आणि पुन्हा तांबडं झालं. थोड्या वेळानं तय्यबचे ओठ हलू लागले. तो पढत होता. जगदेवला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पूर उतरल्यावर दोघं काठाकाठानं खाली बंधाऱ्यापर्यंत चालत गेले, दुसऱ्या दिवशी त्याच्याही पुढे गेले. करंजाचा बुंधा सापडला. एका वावरात एक पिशवी सापडली, तिचा मालक तिच्यात शेणखत भरायला लागला होता. बाकी काही नाही. तय्यबनं फोन लावून जगदेवच्या हातात दिला, आणि कौसरला जगदेवनंच सांगितलं. ती वडिलांवर रागावली नाही. रागावली असती तर तय्यबला बरं वाटलं असतं.

थंडीत जमीन सुकली तेव्हा जमातीनं ठरवलं की कडेच्या राहिलेल्या कबरी तरी पुढच्या पावसाळ्याआधी वर न्यायच्या. कफनाचं कापड लागणार होतं आणि शिवायला माणूस. लोक तय्यबकडे यायला कचरत होते. तो स्वतःच गेला. शेडमध्ये बसून त्यानं पांढऱ्या कापडाच्या लहान लहान पिशव्या शिवल्या, कारण इतक्या वर्षांनी उरतं ते थोडंसंच असतं. कुणाचे आजोबा, कुणाची लेक. प्रत्येकाला निंबाखाली जागा मिळाली. सकीनासाठी मोजून ठेवलेली जागा रिकामी होती, ती कुणी मागितली नाही, आणि तय्यबनंही कुणाला घ्या म्हटलं नाही.

त्या वर्षी गहू चांगला झाला. उन्हाळ्यातही निंबोऱ्याच्या नळाला पाणी होतं.

मार्च संपत आला तेव्हा बातमी आली की वरच्या अंगाच्या लालसिंग नायकाच्या तांड्यापाशी मशीन आलंय. तिथंही नदी खोल आणि सरळ करायची आहे. जगदेव शेडवर आला.

"तय्यब, त्याहिनं बी सरळ केली तं आपल्याकळे पाणी दुप्पट जोरानं येईन. निंबाचं बी खरं नाई. चाल, सांगून पाहू."

"ऐकतीन?"

"तू सांगशीन तं ऐकतीन. तुह्यावर गुदरलं हाये."

दोघं एसटीनं गेले, फाट्यावर उतरून उन्हातून चालत तांड्यावर पोचले. लालसिंग नायकानं खाट टाकली. भला माणूस होता. जगदेवनं सगळं सांगितलं, खडक, वळण, थडी, कब्रस्तान. लालसिंग मान खाली घालून ऐकत होता.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण भाऊ, तुमच्या गावात खोदलं तवा आमी आडवं आलो होतो का?"

"नाई."

"तुमच्या घरात आता तोटी हाये ना?"

जगदेवनं तय्यबकडे पाहिलं.

तेवढ्यात लालसिंगची म्हातारी आई हिरीबाई चहा घेऊन आली. मघाशी ती घरात वळली तेव्हा तय्यबनं तिला दारातून पाहिलं होतं. दाराआड निळा ड्रम होता. ती त्याच्यात पार कंबरेपर्यंत वाकली होती आणि तांब्या तळाला खरवडल्याचा आवाज येत होता. तेच पाणी आता चहात होतं. पाहुण्यांसाठी तिनं चहा पूर्ण पेलाभर केला होता.

"बोल ना," जगदेव हळूच म्हणाला.

तय्यबनं पेला उचलला. "चहा चांगला झाला मावशी," तो म्हणाला, आणि पेला तळापर्यंत प्यायला.

फाट्यावर परतीच्या गाडीची वाट पाहत दोघं बाभळीखाली उभे होते. नदीच्या अंगानं मशीनचा आवाज येत होता.

"काहून नाई बोलला?" जगदेवनं विचारलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"काय बोलू? नका खोदू म्हणू?"

"हळू खोदा म्हणायचं. वळण ठेवा म्हणायचं. त्या मॅडमले बोलवा म्हणायचं."

"ते तूच म्हणलास ना सगळं."

"मी म्हणलो. पण माही तं इहीर भरली हाये, माह्या म्हणण्याले काय वजन?"

गाडी दिसली. जगदेवनं हात दाखवला. चढताना तय्यबचा पाय घसरला, तेव्हा त्यानं मागून आधार दिला. आत बसायला जागा नव्हती, दोघं दांडी धरून उभे राहिले. निंबोरा येईपर्यंत खिडकीतून मधूनमधून नदी दिसत होती, कोरडी, आणि काही ठिकाणी अजून वाकडी.